मुखपृष्ठावरची रेघ

अण्णांनी बशीतून चहा पिणं सोडलं, ते मला सगळ्यात आधी खटकलं. माझा बाप जन्मभर बशीत ओतून, फुंकर मारून, शेजाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज करत चहा प्यायला. आणि आता कप दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे पाठ करून पिऊ लागले. विचारलं तर म्हणाले, "बशीतला लगीच गार व्हतो." काय ते मी समजले. पण त्यांनी सांगितलं नाही म्हणून मीही पुढे बोलले नाही. आमच्या घरात दुखणं असंच झाकून ठेवायची रीत आहे.

अण्णा पेंटर. शेवगावातल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, घोडेगावच्या बाजाराला जनावरं नेणारे टेम्पो, सगळीकडे त्यांची अक्षरं होती. होती म्हणते, कारण पुढे फ्लेक्स आला आणि तो आमच्या घरात मीच आणला. कॉम्प्युटर मी मासिकांतून शिकले. एसटी स्टँडवरच्या पेपरच्या स्टॉलवर कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी आणि डिझाइनवाल्यांसाठी निघणारी इंग्रजी मासिकं यायची, सोबत प्लास्टिकच्या पाकिटात सीडी. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं, चित्रं मात्र पूर्ण कळायची. इथे दाबा, मग तिथे दाबा, असे बाण काढलेले असायचे. ते पान मी कीबोर्डला टेकवून ठेवायची आणि बाणामागून बाण गिरवायची. अण्णा त्या गठ्ठ्याला 'तुझं बाड' म्हणायचे. त्यातलं एक पान त्यांनी कधी उलटून पाहिलं नाही.

मी फ्लेक्सचं दुकान टाकलं तेव्हा पाटीसुद्धा फ्लेक्सचीच लावली. अण्णा समोरच्या रस्त्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते. "अक्षरं मेल्यावानी दिसत्यात," म्हणाले आणि घरी निघून गेले. मला असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, याचाच खरा संताप होता.

पुढे सीड्या बंद झाल्या, बरीचशी मासिकंही मोबाईलवर गेली. त्यांतलं एक अजून जाड कागदावर छापून निघतं आणि मी ते अजून पोस्टाने मागवते. गेल्या वर्षी त्याच मासिकाचा ईमेल आला. अण्णांनी रंगवलेल्या एका जुन्या टेम्पोचा फोटो मी सहज मोबाईलवरून इंटरनेटवर टाकला होता, तो मासिकवाल्यांनी पाहिला होता. हाताने लिहिलेल्या अक्षरांवर विशेष अंक काढतोय, मुखपृष्ठासाठी पत्र्यावर मराठीतच 'अक्षरओळख' एवढा एकच शब्द हवा, लिहिताना आम्ही शूटिंग करू, असं त्यात होतं.

मी तो ईमेल अण्णांना वाचून दाखवला. नको म्हणतील अशी माझी खात्री होती.

"कवा येनार?" त्यांनी विचारलं.

ज्या माणसाला कप धरवत नाही तो कॅमेऱ्यासमोर ब्रश धरणार होता. आणि ज्या मासिकाची पानं मी पोथीसारखी जपली, त्याच मासिकाच्या शूटिंगमध्ये माझ्या बापाचा हात कापताना लोक बघणार होते. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर पुढाऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं आणि वर त्याच्याशीच भांडले.

शेवटी एकदा धीर करून म्हणाले, "अण्णा, असं करू. तुम्ही घरीच निवांत लिहा. मी स्कॅन करून जरा साफ करते. त्यांना काय कळतंय?"

"साफ म्हंजी?"

"म्हणजे कडा वगैरे. थोडं सरळ."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली होती. "मंग तूच लिही की समदं," म्हणाले. नंतर आठवडाभर त्यांनी दुकानाकडे पाय वळवला नाही.

पुण्याहून मासिकाच्या संपादकबाई आल्या, सोबत एक फोटोग्राफर. सकाळचं ऊन दुकानाच्या दारात आलं होतं. पांढरा रंग दिलेला पत्रा मी भिंतीला टेकवून ठेवला होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. उजवा हात खिशात. बाईंनी नमस्कार केला तर त्यांनी नुसती मान हलवली, हात बाहेर काढला नाही. बाईंना ते शिष्टपणाचं वाटलं असावं.

इथे अण्णांच्या लिहिण्याची पद्धत सांगायला हवी. बाकीचे पेंटर आधी वरची आडवी रेघ मारून घेतात आणि खाली अक्षरं लिहितात. अण्णा उलटं करायचे. आधी सगळी अक्षरं बिनरेघेची उभी करायची आणि शेवटी एका दमात, ब्रश न उचलता, वरची रेघ ओढायची. "रेघ आदी मारली की अक्षरं तिला लोंबकाळत्यात," असं त्यांचं म्हणणं. दुसरं म्हणजे त्यांची काठी. टोकाला फडक्याचा गोळा बांधलेली. गोळा पत्र्यावर टेकवायचा, दुसरं टोक डाव्या हातात धरायचं आणि उजवं मनगट त्या काठीवर ठेवून लिहायचं. लहानपणी मी ब्रश धुतले, डबे पुसले, पण त्या काठीला मला हात लावू दिला नव्हता. कुणालाच नाही.

कॅमेरा सुरू झाला. अण्णांनी खिशातून हात काढला. ब्रश रंगात बुडवताना डब्याच्या काठावर टकटक वाजला. फोटोग्राफरने कॅमेऱ्यामागून मान वर केली.

पण अक्षरं आली. अ आला, क्ष आला. छोटी छोटी वळणं ते थांबत थांबत घेत होते. प्रत्येक वळणाआधी ओठ आवळायचे, हात जरा निवायची वाट बघायचे आणि मग झटकन ओढायचे. ख पुरा झाला तेव्हा त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. आता रेघ. इथे थांबायची सोय नव्हती.

अण्णांनी काठी टेकवली आणि ती पत्र्यावर थडथडू लागली. उचलली. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. संपादकबाई हळूच म्हणाल्या, "आपण थोडा ब्रेक घेऊ या का?"

अण्णांनी मागे न बघता डाव्या हातातलं काठीचं टोक माझ्याकडे केलं. "पोरी, धर."

मला आधी कळलंच नाही. "धर म्हनतो ना. माझ्या हाताबरूबर सरकव. मंधी थांबू नगं."

मी काठी धरली. अण्णांनी दोन्ही हातांनी ब्रश पकडला, मनगट काठीवर ठेवलं, आणि त्यांच्या हाताचं कापणं काठीतून थेट माझ्या हातात आलं. इतके महिने त्यांनी झाकलेलं ते मला असं भर उन्हात कळलं. त्यांनी रेघ सुरू केली. मी सरकवत होते. अ संपला, क्ष संपला. ओ आला आणि माझ्याच हाताला हिसका बसला. रेघेला खाली एक लहानसा झोल पडला. माझ्या दुसऱ्या हाताचं बोट आपोआप वाकलं. कॉम्प्युटरवर केलेलं मागे घ्यायला जे बटण दाबते, ते शोधायला. अण्णा थांबले नाहीत. रेघ 'ख'च्या पलीकडे नेऊनच त्यांनी ब्रश उचलला.

संपादकबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग जवळ येऊन रेघ न्याहाळत म्हणाल्या, "काका, हा मधला झोल मुद्दाम ठेवलात?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "मुद्दाम."

त्या गेल्यावर टर्पेंटाइनने हात पुसत मला म्हणाले, "तुझा हात लई हालतो गं. डाक्टरला दाखीव." आणि मग स्वतःच म्हणाले, "दोगं बी जाऊ."

मुखपृष्ठाचा फोटो छपाईसाठी तयार करून द्यायचं काम बाईंनी माझ्यावरच सोपवलं. फाईल उघडली. तो झोल सरळ करायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं असतं. त्याच मासिकाने कधीतरी बाण काढून ते शिकवलं होतं. मी पत्र्यावरची धूळ तेवढी काढली आणि फाईल पाठवून दिली.

अंक आला तेव्हा पाकीट मी अण्णांसमोर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या बाडातलं काही हातात घेतलं. हात कापत होते, जाड पानं फडफडत होती, आणि त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी बोट रेघेच्या सुरुवातीला ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. 'ओ'वरच्या झोलापाशी येऊन बोट थांबलं.

"हितं तू हाईस," म्हणाले.

मग अंक मांडीवर ठेवून म्हणाले, "च्या टाक. आन् बशी आन."