कांद्याची चाळ मी पाडली नाही, सर्व्हरने पाडली

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरला नानांची कांद्याची चाळ पडली, तेव्हा ट्रॅक्टर मी चालवत होते. पण चूक समुद्रापलीकडच्या एका सर्व्हरची होती.

ओवी आणि ईशान, तुमच्या बाबांनी तुम्हाला ही हकीकत फोनवर सांगताना सर्व्हरचा भाग गाळला, असं माझ्या कानावर आलं आहे. तुम्ही दोघं तिकडे मेलबर्नला हसून हसून लोळलात म्हणे. लोळा! पण पूर्ण वाचून मग लोळा. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि कारणाआधी परिणाम लिहिणाऱ्या मुलींचे निबंध परत केले. तेव्हा आता रीतसर कारणापासून सुरुवात करते. (वरचं पहिलं वाक्य अपवाद समजावं.)

कारण म्हणजे ईशान, तू. दिवाळीला आलास आणि "आजी, तुला वेळ जायला" म्हणून तो शेतीचा खेळ माझ्या लॅपटॉपवर घालून गेलास. माझ्याच पैशांनी पूर्ण विकत घेतलेला, पक्का. मी आधी नाक मुरडलं. मग एक गव्हाचं शेत करून पाहिलं. मग दुसरं. संक्रांतीपर्यंत माझ्याकडे गहू होता, मका होता, गोठा होता आणि एक लालभडक ट्रॅक्टर होता. माझे बांध सरळ, माझ्या सऱ्या पट्टीने आखल्यासारख्या. तुमचे आबा चहा मागायचे आणि मी म्हणायचे, "थांबा, पेरणी चालू आहे!"

आणि एक दिवस, ऐन कापणीत, जळगावात आमच्या गल्लीत रस्ता खोदताना इंटरनेटची वायर तुटली. पडदा काळा झाला. त्यावर पाटी आली: सर्व्हरशी संपर्क तुटला आहे. माझं पिकलेलं शेत आत आणि मी बाहेर!

मी तुला फोन लावला, आठवतं?

"आजी, तो गेम ऑलवेज ऑनलाइन आहे. नेट नसलं की चालत नाही."

"पण मी एकटीच खेळते. माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर. नेटचा संबंध काय?"

"कोणी चोरून कॉपी केलेली नाही ना, हे कंपनी सारखं तपासत राहते."

"म्हणजे मी चोर?"

"तू नाहीस गं, पण त्यांना कसं कळणार?"

"आणि खरे चोर काय करतात?"

 तू म्हणालास, "ते ती अटच काढून टाकतात. त्यांना नेटबिट काही लागत नाही. ते मजेत खेळतात."

मला वाटतं, माझा रक्तदाब त्या दिवसापासून वाढला. चोर ओसरीवर पाय पसरून बसलेत आणि जिने दाम मोजले ती दाराबाहेर उभी! उद्या सोनगीरच्या बाजारातून तांब्याचा हंडा आणला, तर दर वेळी पाणी भरण्याआधी तांबटाला फोन करून विचारायचं का, "भाऊ, हंडा माझाच आहे ना? भरू का?"

मी कंपनीला इंग्रजीत सविस्तर मेल लिहिला. चार परिच्छेद, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. कंपनीचं उत्तर लगेच आलं. त्यांना माझी अडचण समजते आणि मी माझं इंटरनेट चालू आहे की नाही हे एकदा बघावं!

त्यात तुमचे आबा कंपनीच्या बाजूने. त्यांची सगळी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून गेली. पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय त्यांनी एक मालगाडीसुद्धा सोडली नाही. "यात चिडण्यासारखं काय आहे?" असं म्हणत खांद्यावरच्या हिरव्या टॉवेलने त्यांनी चष्मा पुसला. "परवानगी मागायची, मिळाली की गाडी सोडायची. शिस्त आहे ती."

"अहो, माझी गाडी माझ्याच अंगणात फिरते. समोरून दुसरी गाडी येणार आहे का?"

"नियम तो नियम."

इतकी पार्श्वभूमी पुरे. आता अखाजी.

तुम्हाला माहीत आहे, अखाजीला आपल्याकडे माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, आमरस-पोळीची जेवणं होतात आणि गावोगावचे पुरुष पत्ते कुटायला बसतात. सोनगीरला नानांच्या मळ्यातही तेच. (नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, शेती तेच बघतात.) माहेरवाशिणींचं ठीक आहे, पण घरच्या सुनांचं काय? दुपारी पंगती उठल्या, पुरुषांनी निंबाखाली चटई टाकली आणि आम्ही खरकटी भांडी घेऊन बसलो. माझी धाकटी जाऊ रत्ना, नानांची बायको, घाम पुसत म्हणाली, "अक्का, आते संध्याकायना सयपाक शेच!"

तेवढ्यात नानांनी पत्ते पिसता पिसता मला डिवचलं. "वैनी, भाऊ सांगतस तुम्ही काम्पुटरमा शेती करतस! तठे गारपीट व्हस का? तठे मजूर भेटतस का?"

सगळे हसले. आबासुद्धा. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"नाना, माझ्यासारखी सरळ सरी तुम्ही काढून दाखवा. त्याच खेळात. आधी मी नांगरते, मग तुम्ही नांगरा. लॅपटॉप गाडीत आहे."

"आन मी हारनू ते?"

"तर संध्याकाळचा सगळा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. भाकरीसकट. भांडीसुद्धा."

 नानांनी मिशीवर हात फिरवला. "आन तुम्ही हारनात ते?"

"तर पुढच्या अखाजीला तुम्हा पत्तेवाल्यांना दिवसभर चहा मी आणून देईन. तोंडातून एक शब्द न काढता."

"शब्द न काढता?" आबा चटईवरून अर्धे उठले. "नाना, जिंक रे बाबा!"

रत्नाने माझ्या कानाशी लागून सांगितलं, "अक्का, हारू नका बरं. मना हात भाकरी थापी थापी थकी ग्यात."

आता तुम्ही विचाराल, मळ्यात इंटरनेट नाही हे आजीला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं! मळा किल्ल्याच्या टेकडीआड आहे, तिथे मोबाइलची रेंज वाट चुकून आली तरच येते. पण मी काय वेडी आहे? सकाळी जळगावातून निघण्याआधीच मी घरच्या नेटवर खेळ सुरू करून त्याची हजेरी लावून घेतली होती. एकदा तपासलं की दिवसभर चालेल, असा माझा हिशेब. लॅपटॉप मिटला तर तो हजेरी विसरेल म्हणून पारोळा गेलं, धुळं गेलं, तरी मी तो मांडीवर उघडाच धरून बसले होते. आबा म्हणाले, "बाळाला ऊन लागेल, पदर घाल." मी घातला.

निंबाखाली लॅपटॉप मांडला. बायका मागे उभ्या राहिल्या. मी बोटं मोडली, बटण दाबलं.

सर्व्हरशी संपर्क तुटला आहे.

नाना वाकून बघत राहिले. मी त्यांना सगळी भानगड सांगितली. ते खरंच चकित झाले. "हाई काय शे? खेल तुमना, काम्पुटर तुमना, मंग इचारनं कोले? मना ट्रॅक्टर कोले इचारस का?"

त्यांचा ट्रॅक्टर कोणालाच विचारत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याचं बी इथे पडलं.

पण नाना मनाचे मोठे. "खेल व्हवाले पाहिजे," म्हणाले. "चला, रेंज धुंडू." त्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीत गोणपाट अंथरून मी बसले, मांडीवर लॅपटॉप. शेजारी रत्ना, तिच्या उंच धरलेल्या हातात लॅपटॉपला नेट देणारा आबांचा मोबाइल. भोवती घरातल्या सगळ्या सुना. आणि निघाली वरात! उन्हाळ्याचं रिकामं, ढेकळांचं शेत, त्यातून नाना ट्रॅक्टर हाकतायत, मी मागे डोक्यावर पदर घेऊन पडद्यावरचा ट्रॅक्टर सुरू करतेय, आणि आबा बाजूने टॉवेल उडवत चालतायत. "सावकाश! वळण आहे! सावकाश!"

"रेंज उनी!" रत्ना ओरडली.

खेळ उघडला. मी नांगर टाकला. अर्धी सरी काढली.

"गयी!"

पडदा काळा. सर्व्हरशी संपर्क तुटला आहे. नाना, मागे घ्या! ट्रॅक्टर मागे. "उनी!" पुन्हा पहिल्यापासून, कारण अर्धी सरी कंपनीने गिळलेली. "गयी!" नाना, डावीकडे! "उनी!" ढेकूळ. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर. "गयी!" खरा ट्रॅक्टर अख्ख्या शेताला फेऱ्या घालून आला, तरी खोटा ट्रॅक्टर बांधावरून हलला नव्हता. आणि शेवटी, कांद्याच्या चाळीजवळच्या मोकळ्या जागेत, रेंज अशी आली की जायचं नावच घेईना. मी बटण दाबलं.

नवीन पाटी आली. सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

नाना ट्रॅक्टरवरून मागे वळून हसले. "मंग वैनी, हारनात ना? चहामा साखर जरा जास्तच टाका."

रत्नाचा चेहरा पाहवेना. भाकरीचं पीठ तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. (वायर असावी.) मी लॅपटॉप रत्नाच्या हातात दिला, ट्रॉलीतून उतरले, पदर खोचला आणि ट्रॅक्टरजवळ जाऊन म्हणाले, "उतरा, नाना."

"काब्र?" (म्हणजे "कशाला?")

"तुमचा ट्रॅक्टर कोणाला विचारत नाही ना? मग मीही नाही विचारत. सरळ सरीच काढून दाखवायची ना? इथेच दाखवते, चाकांची का होईना."

नाना हसतच उतरले. त्यांना वाटलं, वैनी नुसती बसून फोटो काढेल. मी बसले. सगळं खेळातल्यासारखंच होतं: स्टिअरिंग, गिअर, समोर मोकळी जमीन. इंजीन चालूच होतं. मी गिअर टाकला, पाय उचलला आणि ट्रॅक्टर निघाला!

ट्रॉलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वेग बेताचा, बाजूने माणूस आरामात चालेल इतका. (आबा चालतच होते.) पण काय सांगू तुम्हाला, परवानगीशिवाय चालणाऱ्या वस्तूवर बसण्याचा आनंद! कोणी हजेरी घेत नव्हतं, कोणी मला चोर म्हणत नव्हतं. मी ओरडले, "बघा, लाईन क्लिअर न घेता गाडी सुटली!"

आबा धावत पुढे आले आणि समोर उभं राहून दोन्ही हातांनी टॉवेल हलवू लागले.

मी रेल्वेवाल्याची बायको. आबांच्या हातात हिरवं दिसलं की पुढे जायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. मी जोर वाढवला.

आबा ओरडत बाजूला उडाले. "वैनी, बिरेक! बिरेक दाबा!" नाना मागून धावत होते. मी ब्रेक दाबला. म्हणजे सवयीने अंगठा दाबला, कारण खेळात ब्रेक स्पेसबारवर आहे. स्टिअरिंगला स्पेसबार नसतो. समोर चाळ आली. मी व्यवस्थित, डौलदार वळण घेतलं आणि ट्रॅक्टर चाळीला न घासता सुटला. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण माझ्या खेळातल्या ट्रॅक्टरला ट्रॉली नाही! मागून ट्रॉली आली, तिने कोपरा कापला आणि चाळीच्या खांबांना खांदा दिला.

चाळ म्हणजे काय, बांबू आणि लाकडी पट्ट्यांची, हवा खेळती राहावी म्हणून बांधलेली लांबट खोली. ती आधी कण्हली. मग एका बाजूला झुकली. मग नानांचा बठ्ठा, सगळाच्या सगळा उन्हाळी कांदा, गुलाबी, गोल, गरगरीत, खडखडत ट्रॉलीत, बायकांच्या मांडीवर, माझ्या पायांशी आणि थेट निंबाखालच्या पत्त्यांपर्यंत पोचला. नानांनी चढून इंजीन बंद केलं.

गुडघाभर कांद्यात बसलेल्या रत्नाचा आवाज आला.

"अक्का, खेल उघडना!"

लॅपटॉपवर लिहिलं होतं: स्वागत आहे.

कोणाला ओरखडाही आला नाही. मी आबांकडे बोट दाखवलं. "तुम्हीच हिरवा दाखवलात!"

"अगं, टॉवेल आहे तो!"

"नियम तो नियम," मी म्हटलं.

आबांनी टॉवेल पाठीमागे लपवला. 

मग पत्ते बाजूला पडले आणि सगळं घर कांदे वेचायला लागलं. दबलेला कांदा टिकत नाही, आजच खपवावा लागणार. तेव्हा रत्नाने पाट्या भरून निंबाखाली ओतल्या, पुरुषांपुढे विळ्या ठेवल्या आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा नानांना सर्वांदेखत फर्मावलं: "आम्ही येचात. आते तुम्ही चिरा." तिच्या हातात तेव्हा चाळीचा एक बांबू होता, म्हणूनही असेल, कोणी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी भाजी पुरुषांनी केली, भाकरीही त्यांनीच थापल्या (आकार विचारू नका) आणि आम्ही सगळ्या सुना पाळीपाळीने झोक्यावर बसलो. नाना रडत होते. कांद्याने, असं ते म्हणतात.

तेव्हा पैज कोण जिंकलं हे तुम्हीच ठरवा. मी कंपनीला दुसरा मेल पाठवला आहे. त्यात चाळीचा फोटो जोडला आहे. त्यांना त्यांची चूक अजून समजलेली नाही, पण मी माघार घेणार नाही. विकत घेतलेली वस्तू वापरायला मी कोणाची परवानगी मागणार नाही, म्हणजे नाही!

फक्त एक लहानशी गोष्ट सांगायची राहिली. निघताना नानांनी ट्रॅक्टरची चावी काढून कमरेच्या करदोट्याला बांधली आणि हात जोडून म्हणाले, "वैनी, चावी आते मनाजोडे राही. ट्रॅक्टर लागना ते पहिले फोन करा." तेव्हा सबंध खानदेशात विचारल्याशिवाय सुरू न होणारा एकच ट्रॅक्टर आहे, आणि तो फक्त माझ्यापुरता. मी परवा फोन करून पाहिला. नानांचा मोबाइल कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.