निळी मादी, लाल नर

माझ्या आत्याच्या यजमानांइतका जगाकडे उलट्या बाजूने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण मुलाचा चेहरा पाहून आईबाप ओळखतो. आतोबा आईबाप पाहून न जन्मलेल्या मुलाचा चेहरा सांगत, आणि तो तसा निघाला नाही तर दोष त्या मुलाला देत. बऱ्हाणपुरात, शनवारा पेठेत, त्यांचं कलाबतूचं दुकान होतं. पण गिऱ्हाईक सोनेरी तार पारखत असताना आतोबा गिऱ्हाइकाचे कान पारखत. "हे कान तुमच्या वडिलांचे नाहीत," असं त्यांनी एका बड्या साहेबी कचेरीतल्या कारकुनाला तोंडावर सांगितलं आणि सबंध लग्नसराईचं गिऱ्हाईक घालवलं. त्यांचा हेतू निर्मळ होता. आजोळचे कान चांगले उतरलेत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

हे सगळं वेड कबुतरांपायी. गच्चीवर त्यांची मोठी ढाबळ होती आणि गावात इंग्रजांचं राज्य असलं तरी गच्चीवर कबुतरांचं होतं. मी मास्तरकी करायला बऱ्हाणपुरात आलो आणि आत्याकडे राहिलो, तेव्हा माझी ओळख त्यांनी कबुतरांना करून दिली. कबुतरांची मला नव्हे. आयुष्यभर पाखरं पाहून त्यांनी एक नियम बसवला होता: मुलगे आईच्या रंगावर जातात, मुली बापाच्या. माझ्यासाठी जसोंडीला मुलगी पाहायला गेलो, तर हे मुलीच्या वडिलांसमोर मांडी ठोकून बसले आणि त्यांनाच न्याहाळू लागले. "झाली मुलगी पाहून," माझ्या कानात म्हणाले, "उंच, सावळी, नाक मोठं." आतून पोह्यांची बशी घेऊन ठेंगणी, गोरी, नाजूक नाकाची मुलगी आली. आतोबा मोठ्याने म्हणाले, "असं कसं?" त्या 'असं कसं'चा अर्थ मंडळींच्या ध्यानात यायच्या आत आत्याने आम्हाला बैलगाडीत कोंबलं. ते स्थळ गेलं ते गेलंच.

हाच नियम त्यांनी बऱ्हाणपुरातल्याच लालबाग वस्तीतल्या उस्तादांना ऐकवला. उस्ताद म्हणजे गावातले सगळ्यात जुने कबुतरबाज, मेंदी लावलेल्या दाढीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. सभ्य माणसं हसतात तेव्हा जास्त लागतं. आतोबांनी ईर्षेने लाल नर आणि निळी मादी यांची जोड लावली, पिल्लं निघाली, आणि नरमादी सगळी लालभडक! "शेठ," उस्ताद म्हणाले, "आपकी बेटियां तो बाप पे गईं, मगर बेटे भी बाप पे गए." आतोबांनी लालबागेचा रस्ता टाकला. तो पावसाळा ते ढाबळीसमोर स्टुलावर बसून होते, आणि एके दिवशी भर जेवणातून उष्ट्या हाताने उठले. "नियम बरोबर होता! जोड उलटी होती! बाप लाल असला की लाली पोरापोरींना सारखी वाटून देतो. पण आई लाल आणि बाप निळा असला, तर आईची लाली फक्त पोरांना. पोरी निळ्याच!"

"आधी भात संपवा," आत्या म्हणाली. तिचं कबुतरांशी हाडवैर होतं. गच्चीवर वाळत घातलेले तिचे ज्वारीचे बिबडे दर उन्हाळ्यात पाखरं फस्त करत. तिने उस्तादांना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोरच अट घातली, "लावा पुन्हा जोड. एकबी पिल्लू उलटं निघालं तं सारी कबुतरं लालबागले जातील आणि गच्ची माझी." आतोबांचा चेहरा उतरला. पण उस्तादांसमोर माघार घेणार कशी? त्यांनी छातीवर हात ठेवून "मंजूर" म्हटलं.

लाल मादी, निळा नर. पिल्लांना पिसं फुटली तशी आतोबांनी लाल एका पिंजऱ्यात, निळी दुसऱ्यात घातली आणि जाहीर केलं, "हे सगळे नर, ह्या सगळ्या माद्या." पाखरं मोठी झाली. लाल एकेक करून घुमायला लागले, गळा फुगवून गोल फिरायला लागले. आतोबांचाही गळा फुगला. आणि एका सकाळी, उस्ताद चहाला आले असताना, निळ्यांतलं एक पाखरू गळा फुगवून चक्क घुमलं.

आत्या ओरडली, "घुमला! नर आहे हा!" आतोबा पांढरेफटक पडले. "मादी पण घुमते कधी कधी," ते पुटपुटले, पण आवाजात जीव नव्हता. उस्तादांनी ते पाखरू वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला लावलं आणि पिंजऱ्याला स्वतःचं कुलूप घातलं. पुढचे दिवस घरात सुतक होतं. आतोबा एकेका कबुतराला हातात घेऊन निरोप घेत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग त्या कुलपातल्या निळ्या नराने अंडं घातलं.

आतोबांची आरोळी पार तापीपर्यंत गेली असेल. उस्तादांनी येऊन कुलूप काढलं, अंडं उजेडात धरलं आणि टोपी काढून म्हणाले, "मान गए, शेठ! इससे बड़ा गवाह कौन?" त्या अंड्याला हळदकुंकू लागलं, चांदीच्या तबकात ठेवून टांग्यातून त्याची मिरवणूक निघाली, शनवाऱ्यातून थेट लालबागेपर्यंत. उस्ताद स्वतः पुढे बसले होते. माव्याची जिलबी वाटली गेली. जसोंडीच्या त्या न झालेल्या सोयऱ्यांनाही धाडली. आतोबा वाटेत भेटेल त्याला नियम समजावून सांगत होते आणि त्या दिवशी कुणीही हसलं नाही. एवढा सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आम्ही तिघंच जेवायला बसलो. आत्या वाढता वाढता थांबली. "का हो," ती म्हणाली, "आपल्याले पोरगी झाली असती तं तुमच्यावरच गेली असती ना?"

त्यांना मूल नव्हतं. त्या घरात हा विषय निघालेला मी कधी ऐकला नव्हता. आतोबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "तुझ्यावर गेली असती."

"मग उस्ताद जिंकले असते."

"जिंकू दिलं असतं," आतोबा म्हणाले, आणि उरलेली जिलबी त्यांनी तिच्या ताटात वाढली.