कोर्टाबाहेरच्या बाकावर

काळ्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास आला, की मला कुर्ल्याच्या कोर्टाबाहेरचा बाक आठवतो. बारावीनंतर वकील व्हायचं डोक्यात होतं, म्हणून आमच्या ओळखीच्या कांबळे वकीलबाईंना विचारायला गेले होते. “दुपारपर्यंत इथे बस, मग बोलू,” म्हणत डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या काळ्या कोटात त्या आत गेल्या.

शेजारी बसलेल्या आजींनी माझ्यापुढे कागद धरला. “वाच ना गं, बाळा.”

महिन्याभरात खोली रिकामी करा, अशी नोटीस होती. एकही शब्द न गाळता मी ती वाचून दाखवली. आजी कागदाची घडी घालून निघून गेल्या.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “खरं तेच वाचलंस ना? मग घे लॉला अ‍ॅडमिशन.”

मी आनंदात घरी आले. आज इतकी वर्षं वकिली केल्यावर वाटतं, आजींना थांबवून बाईंकडे न्यायला हवं होतं.