रॅम्पबाईंच्या घराच्या पायऱ्या

नगरपालिकेतल्या शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे तिला रॅम्पबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात. तिला ते ठाऊक होतं. एकदा भर बैठकीत रस्ते विभागाच्या साहेबांच्या तोंडून ते नाव निसटलं आणि बिचाऱ्यांनी जीभ चावली. तीच म्हणाली, "चालेल हो. खड्डेसाहेब म्हणवून घेण्यापेक्षा बरं!" सगळे खो खो हसले, साहेबही हसले, आणि त्या दिवशी बाजारातल्या फूटपाथच्या आराखड्यावर सही झाली.

बाई आर्किटेक्ट. सुरुवातीला बंगले केले, चांगलेच केले, पण तिचं मन काही रमेना. लोकांच्या बाथरूमच्या फरशा निवडताना हिचं लक्ष खिडकीबाहेर. फूटपाथची कड इतकी उंच की म्हातारी माणसं गाड्यांच्या मधून चालतायत, बाळाची गाडी ढकलणारी आई तिथंच अडून बसलीय. शेवटी बंगले दिले सोडून आणि हात धुऊन रस्त्यांच्या मागे लागली. कामाची तऱ्हाही जगावेगळी. कागदावर रेघ ओढण्याआधी उसन्या व्हीलचेअरवर बसून स्वतः त्या रस्त्यानं जायचं. तळहात सोलवटायचे, ट्रकवाले शिव्या घालायचे, आणि ही आपली जिथं चाक अडेल तिथं खडूनं फुली मारत पुढं.

तिच्याच हट्टापायी शहरात नियम झाला: रॅम्प बारा फूट लांब असेल तर चढ एक फूट, त्याहून जास्त नाही. ठेकेदारांनी थयथयाट केला. जागा नसेल तिथं थोडा उभा चालवून घ्या म्हणाले. "जागा नसेल तर जागा करा," ही ठाम. "उभा रॅम्प म्हणजे माणसाला ढकलून देणं." मग चार माणसं उचलतील की, असं कुणी म्हटलं तर तिचं डोकंच फिरायचं. "माणूस म्हणजे काय पोतं आहे? ज्याला उचलून न्यावं लागतं, त्याला आपण 'घरीच बस' म्हणून सांगतोय."

हे तिचं बोलणं खोटं असतं तर बरं झालं असतं. खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

कारण घरी आई होती. शिलाई मशीन चालवून दोन पोरांना मोठं केलेली. हिला पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा हिनं आईसाठी घर बांधलं. आईचं मागणं एकच: "उंच बांध गं बाई. जन्मभर घरात शिरलेलं पाणी उपसलंय." म्हणून जोतं चांगलं तीन फूट घेतलं आणि पुढं अर्धगोल पायऱ्या केल्या. आई त्या पायऱ्यांवर बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्याच्या घरची विचारपूस करायची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची बायको बाळंत झाल्याचं त्याच्या सासरच्यांआधी आईला कळलं होतं.

मग आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायांत काही बळ आलं नाही. चाकांच्या खुर्चीत बसून घरभर फिरायची, पुढच्या दाराशी आली की थांबायची. समोर लेकीनं बांधलेल्या पायऱ्या.

आता तीन फुटांना रॅम्प हवा छत्तीस फुटांचा, आणि अंगण किती, तर जेमतेम दहा फूट. हिनं कागदांवर कागद काढले. उजवीकडून वळवला, डावीकडून वळवला, शेवटचं वळण जाऊन पडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

धाकटा भाऊ वैतागला. "ताई, दोन जाड फळ्या टाकू. मी मागून धरतो."

"आणि हात सुटला तर?"

"बरं, मग खुर्चीसकट उचलू. गल्लीत माणसं कमी आहेत का?"

"नाही. आईला तर मुळीच नाही." आणि मनात हेही होतंच की उद्या कुणी फोटो काढून बैठकीत दाखवला तर? नसेल कसं? माणूसच ती.

आई सुरुवातीला थट्टा करायची. "जगाला फूटपाथ आणि आईला खिडकी! वा गं माझी लेक!" पुढं थट्टा सरली. "अगं, उचलू दे की त्यांना. तुला मी कडेवर घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. तेव्हा कुठं तुझा अपमान झाला?"

"थोडं थांब, आई. नीट करते."

आणि खरंच नीट केलं. एके सकाळी तिला उलगडा झाला की रॅम्प दाराबाहेर सुरूच करायचा नाही, पुढची खोली कापून घरातूनच उतरत न्यायचा. चढ बरोब्बर नियमात बसला. आनंदानं कागद घेऊन ती आईकडे धावली. आईनं चष्मा लावून सगळं निरखलं. "छान आहे गं. पण मला आज जायचंय."

"गवंडी आला की महिनाभरात होईल."

गवंडी यायच्या आतच आई गेली. दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या. नुसती मान कलली.

शववाहिनी आली. स्ट्रेचर दारातून वळेना, तेव्हा गल्लीतलीच माणसं वर आली. भाऊ, दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारचे काका. चौघांनी हळूच उचललं, एकानं म्हटलं "सांभाळून रे", आणि बोलता बोलता आई खाली रस्त्यावर. लेक दारातच उभी राहिली होती. इतकंच होतं ते.

इस्त्रीवाला डोळे पुसत वर आला. "आजी खिडकीतून रोज हाक मारायच्या हो, ताई. एकदा मला कोपऱ्यापर्यंत न्या रे, म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, आधी ताईंना विचारा."

"विचारलं होतं," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मला रोज विचारलं होतं तिनं."

आणि तिथंच पायरीवर बसून ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. कुणी तिला उठवायला गेलं नाही.