ताडपत्री टीव्हीला, ज्वारी पावसाला

गेल्या महिन्यात इंदापूरला एका लग्नात माझ्या चुलत्यानं पंगतीत बसून ती भूकंपाची गोष्ट परत सांगितली, सगळी पंगत खो खो हसली, आणि माझं डोकंच फिरलं. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. कारण गोष्ट त्याची नाहीच मुळी, माझ्या आईची आहे.

आम्ही वडगाव निंबाळकरचे. शेतात ऊस आहे, पण ऊस कारखान्याला जातो, पोटाला ज्वारीच लागते. मी चौथीत असताना पाऊस आलाच नाही, ज्वारी हातची गेली, आणि आई मला घेऊन जळोचीला मावशीकडं ज्वारी मागायला गेली. मापाची पायली मावशीच्या सासूच्या हातात होती. नात्यात देताना पायली शीग लावून देतात, वर ढीग करून, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्या बाईनं पायली भरली आणि वरची शीग तळहातानं सपाट पुसून परत पोत्यात लोटली. प्रत्येक पायलीला. नुसता हात फिरवला. आई एसटीत पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "पुन्हा कुणाच्या दारात पिशवी घेऊन जायचं न्हाय."

आणि मग तिनं जी बेगमी धरली! तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून डबे भरले, कुरडया, सांडगे, शेंगदाणे, गुळाच्या ढेपा, रॉकेलचा एक कॅन फळीखाली कायम भरलेला. आणि सगळ्यात मोठी म्हणजे कणगी. बांबूच्या कामट्यांची, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्याही डोक्याच्या वर जाणारी, आतबाहेर शेणानं लिंपलेली. बुरुडानं घरात बसूनच विणली होती, कारण ती दारातून आत येणारच नव्हती. रब्बीची ज्वारी निघाली की कडुलिंबाचा पाला घालून ती भरायची, तोंड लिंपून टाकायचं, आणि खालच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढून लागेल तेवढंच घ्यायचं. पाऊस येवो न येवो, पुढच्या ज्वारीपर्यंत आम्हाला कुणाचं तोंड बघायला लागणार नव्हतं.

मी सातवीत असताना तिकडं लातूरकडं भूकंप झाला. आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली फक्त, पण पेपरातले फोटो बघून सगळ्यांची दातखीळ बसली. आमचं घरही दगडमातीचंच. भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, सगळी गल्ली बाहेर अंगणात झोपायला लागली, आई पण. पण मग चुलता आला. तो इंदापूरला तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचा, त्यामुळं त्याला सगळं आतलं कळतं असं अख्ख्या गावाला वाटायचं आणि त्यालाही वाटायचं. अमावास्येच्या आत आणखी मोठा धक्का बसणार, घरात एक वस्तू ठेवू नका, असं त्यानं पारावर बसून ठोकून दिलं. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणायचा, ते सांगायची परवानगी नाही.

आमचं सामान बाहेर निघालं. टीव्ही निघाला, त्याच वर्षी घेतलेला. डबे निघाले. मग दोघं भाऊ कणगीकडं वळले आणि आई आडवी उभी राहिली.

"भावजी, ती लिंपल्याली हाय. फोडली की माल खराब हुतो."

"वैनी, घर पडल्यावर काय ढिगाऱ्यातनं दाणं येचत बसणार व्हय?"

"घर पडलं तरी दाणं ऱ्हात्यात. पाऊस आला तर न्हाय ऱ्हात."

"आता कुठला पाऊस आलाय," अप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

कणगी दारातून निघेना म्हणून वरचं तोंड फोडलं. सहा महिन्यांची ज्वारी खताच्या रिकाम्या पोत्यांत भरली, काहींची शिवणही उसवलेली, आणि अंगणातल्या लिंबाखाली थप्पी लावली. आईनं वर ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. घरात तेवढी एकच ताडपत्री होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी आणि आई रानात बाजरी काढत होतो. परतीचा पाऊस कसा येतो माहितीय ना, दहा मिनिटं आधी कडक ऊन असतं. ढग बघितल्याबरोबर आई विळा टाकून पळाली, मी मागून. अंगणात पोचलो तर पोती उघडी, धो धो भिजतायत, खालून पाण्याचा लोंढा चाललाय. आणि ताडपत्री? ताडपत्री टीव्हीला गुंडाळलेली होती. दोघा भावांनी दगड बाजूला सारून ती काढली, टीव्हीला गुंडाळली आणि टीव्ही उचलून नेला. कुठं? घरात! जे घर पडणार होतं त्याच घरात! जे घर ज्वारीला धोक्याचं होतं, ते टीव्हीला चालत होतं.

पुढचे तीन दिवस ऊन नाही. पोत्यात हात घातला की ज्वारी आतून गरम लागायची. आंबूस वास, मग मोड. आईनं गोधड्यांवर, पत्र्यावर, बाजेवर, जिथं जागा दिसेल तिथं पसरली, पण निम्मी काळीच पडली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि कडू लागायची. अप्पा खाली मान घालून खायचे. अमावास्या आली, गेली. घर जिथल्या तिथं. चुलता आदल्या दिवशीच इंदापूरला निघून गेला होता, टीव्ही लागतो का ते बघून.

माघ उजाडायच्या आत उरलेली ज्वारीही संपली. आईनं पिशवी काढली. जळोचीला मी परत बरोबर होते. मावशीची सासू, तीच पायली, तोच तळहात. ह्या वेळी आई म्हणाली, "आत्याबाई, नीट पुसा, सांडंल." नवी ज्वारी आल्यावर तिनं ती परत केली, प्रत्येक पायली शीग लावून.

आणि चुलता गेली सहा वर्षं ही गोष्ट विनोद म्हणून सांगतो. भूकंप न्हाय आला पर आमचा टीव्ही वाचला, असा शेवट करतो. त्या लग्नाच्या पंगतीत तो तिथपर्यंत आला आणि मी मोठ्यांदा बोलले, "काका, त्यानंतर आई जळोचीला ज्वारी मागायला गेली, ते पण सांगा की."

अप्पा म्हणाले, जेव. मला वाटलं मी जिंकले. मग समोरच्या रांगेत वाढत असलेल्या आईकडं बघितलं. हातात बुंदीचं ताट तसंच, आणि तोंड त्या एसटीतल्यासारखं.

येताना गाडीत ती म्हणाली, "तुझ्या अप्पास्नी मी इकत आणली म्हणून सांगितलं हुतं. कुणालाच ठाव नव्हतं. तूच एकटी बरुबर हुतीस माझ्या." आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणंच बंद केलं.

म्हणजे बघा. त्यानं ज्वारी भिजवली ती भिजवली, आणि उरलेलं मी केलं. मला त्याचा राग येतोच, टीव्हीचा येतो, अप्पांच्या "कुठला पाऊस"चा येतो, पण सगळ्यात जास्त आता स्वतःचा येतो, आणि तो कुणावर काढू?

काल नवी कणगी भरली. दर वर्षी तोंड लिंपायला ती मला हाक मारते. काल मारली नाही. मी जाऊन शेजारी उभी राहिले. तिनं बराच वेळ एकटीनंच लिंपलं, मग शेणाची पाटी पायानं माझ्याकडं सरकवली.

"त्या बाजूनं घे," ती म्हणाली. "फट ठिवू नको."