तीनच उत्तरं देणारा कॉम्प्युटर

माझ्या नवऱ्याने, तोझाने, आयुष्यात कुणाची माफी मागितली असेल तर ती फक्त विजेची. टीव्हीच्या मागे हात घालून झटका बसला की म्हणायचा, "चूक माझीच." माणसांच्या बाबतीत मात्र चूक कायम समोरच्याची. आमच्या व्रशात्स गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे दोघे होते, पण लोक तोझाकडेच यायचे. शिव्या घालत का होईना, तो वस्तू चालू करून द्यायचा.

आमची एकुलती एक मुलगी नेवेना त्याच्या दुकानातच वाढली. बाहुलीचे कपडे शिवायच्या वयात ती सोल्डर करायला शिकली. शाळा संपल्यावर तिने एकच मागितलं: खिडकीजवळचं कामाचं टेबल. तोझाने ते मिओद्रागला दिलं. मिओद्राग त्याच्या मेलेल्या भावाचा मुलगा. "पोरका आहे तो," तोझा म्हणाला, "आणि बाईमाणसाच्या हातात गिऱ्हाईक टीव्ही देईल का?" नेवेनाने दार आपटलं आणि बेलग्रेडची बस पकडली. वर्षभरात मिओद्रागही जर्मनीला पळाला, जाताना तपासणीचा चांगला मीटर घेऊन. तेव्हापासून त्या टेबलावर मेलेल्या टीव्हींचा ढीग होता. तिथे कुणी बसायचं नाही, कुणी आवरायचंही नाही.

बेलग्रेड दोन तासांवर, पण सहा वर्षं बापलेक भेटले नाहीत. मी दर रविवारी तिला फोन करायचे. तेवढ्यात याला नेमका स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायचा असायचा. त्या नळाइतका दुरुस्त केलेला नळ साऱ्या युगोस्लाव्हियात नसेल.

मग चौऱ्याऐंशी साली न्हाव्याच्या दुकानात त्याच्या हाती एक मासिक लागलं. त्यात घरी जोडायच्या कॉम्प्युटरचा नकाशा पुन्हा छापला होता. तयार कॉम्प्युटर परदेशातून आणायला कस्टमवाले आडवे यायचे, म्हणून लोक सुटे भाग पाकिटांतून मागवायचे आणि स्वतः जोडायचे. पेटी मिळायचीच नाही, ज्याची त्याने करायची. वाचकांनी केलेल्या पेट्यांचे फोटो मागच्या पानावर होते. त्यातली एक पेटी शिवणयंत्राच्या लाकडी झाकणाची होती. झाकण माझं होतं, नेवेना गेल्यावर मीच तिला यंत्र पाठवलं होतं. फोटोखाली तिचं नाव होतं.

तोझाने ते पान फाडून आणलं. मला दाखवलं नाही, पण त्याचे खिसे धुवायच्या आधी मीच रिकामे करते.

एकसष्टाव्या वर्षी त्यानेही सुटे भाग मागवले. पेटीच्या जागी बिस्किटांचा डबा घेतला. जोडताना रागावायच्या ऐवजी हसायचा, आणि मला भीती वाटायची.

"देसा, काय डोकं लढवलंय बघ," तो म्हणाला. "पडद्यावर चित्र काढायला वेगळा भाग लागतो, तो महाग. म्हणून यांनी तो टाकलाच नाही. मुख्य भागच धावत धावत चित्र काढतो, आणि उरलेल्या वेळात हिशेब करतो."

"म्हणजे घर सांभाळून नोकरी," मी म्हटलं. "हे डोकं कुठल्या तरी बाईचं असणार."

कॉम्प्युटरची स्मृती इतकी कमी, की चूक झाली तर सांगायला त्याच्याकडे तीनच शब्द होते, तेही इंग्रजी. आपण लिहिलेलं कळलं नाही तर विचारायचा, "काय?" कळलं पण जमण्यासारखं नसलं तर, "कसं?" आणि जागा संपली की म्हणायचा, "माफ करा."

बेलग्रेडच्या रेडिओवर शनिवारी श्रोत्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम लावायचे. ऐकायला नुसती कर्कश्श किंचाळी. पण ती कॅसेटवर टेप करून कॉम्प्युटरला ऐकवला की पडद्यावर प्रोग्रॅम उमटायचा. तोझाने ठरवलं, आपणही एक पाठवायचा.

"फोन कर की तिला," मी म्हटलं.

"फोनवर ती मध्येच बोलेल."

त्याने आधी चौकोन जुळवून खिडकी काढली, खिडकीखाली टेबल. मग खाली मजकूर लिहायला घेतला: मिओद्राग कसा पोरका होता, गिऱ्हाईकं कशी होती, बापाची बाजू काय असते, आणि दार आपटणं शोभतं का. कॉम्प्युटर म्हणाला, "माफ करा."

"चित्र काढून टाक, जागा होईल," मी सुचवलं.

"चित्र राहणार."

मग पोरका मिओद्राग गेला. माफ करा. गिऱ्हाईकं गेली. माफ करा. बापाची बाजू गेली. दार आपटण्यावर मात्र तो चार दिवस अडून बसला, त्याला वेगवेगळ्या कोपऱ्यांत कोंबून पाहिलं.

"त्या डब्याने आत्तापर्यंत शंभरदा माफी मागितली," मी शेवटी म्हटलं. "तुझं तोंड झिजेल का?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चित्राखाली दोनच ओळी होत्या: "नेवेना, चुकलो. टेबल तुझंच." कॅसेट पोस्टात पडली. मला त्याचा पापा घ्यावासा वाटला, पण डोक्यावर चढून बसला असता, म्हणून नाही घेतला.

शनिवारी लावणार असं रेडिओवरून कळवलं तेव्हा मी फोनवर नेवेनाला सांगितलं, "शनिवारची किंचाळी टेप कर. कुणाची ते विचारू नकोस."

"बघू," ती म्हणाली. तिचा "बघू" बापाकडून आलेला आहे. त्याचा अर्थ काहीही होतो.

टेप होताना जवळपास कुठे फ्रिज खट्ट झाला तरी रेडिओत खरखर येते आणि सगळा प्रोग्रॅम वाया जातो. तोझा इमारतीत घरोघर विनवून आला. सगळ्यांनी बटणं बंद केली. पण वरच्या मजल्यावरच्या कोसानाला महिन्याभराने कॉफी मिळाली होती, बहिणीने इटलीतल्या त्रिएस्तेहून आणलेली. तिला राहवलं नाही. नेमकं मध्यावर तिचं विजेचं दळणयंत्र फिरलं. तोझाने कॅसेट कॉम्प्युटरला ऐकवली. कॉम्प्युटर म्हणाला, "काय?"

तोझा जिन्यात उभा राहून कोसानाला नाही नाही ते बोलला. ती बिचारी दाराआड रडत होती.

"अरे, आपली कॅसेट बिघडली," मी म्हटलं. "नेवेनाच्या वरच्या मजल्यावर कोसाना राहत नाही."

पण रविवारी नेवेनाने फोन उचलला नाही. तोझा नळाशीही गेला नाही. ढिगाकडे पाहत दुकानात बसून राहिला.

पुढच्या शनिवारी रेडिओवर निवेदक म्हणाला, "आता बेलग्रेडच्या नेवेनाचा प्रोग्रॅम, व्रशात्सच्या श्रोत्यासाठी." मी धावत कॅसेट लावली आणि जिन्यात ओरडले. क्षणात सगळी इमारत गप्प झाली. कोसानाने म्हणे दळणयंत्राची वायरच कापायला घेतली होती.

पडद्यावर एकच ओळ आली: "टेबल रिकामं केलंस का?"

तोझाने बोटाने शोधत शोधत लिहिलं: "करणारच आहे." पडद्यावर आलं, "काय?" त्याने लिहिलं: "ढीग मिओद्रागचा आहे." काय? "उद्या करतो." काय?

"बिघडलाय," तोझा म्हणाला.

"बिघडलेला नाही. पोरगी तुला ओळखते," मी म्हटलं. "तिने फक्त 'हो' आणि 'नाही' ठेवलंय."

'हो' लिहायला काय लागत होतं? पण त्याने ते लिहिलं नाही. उठून खाली दुकानात गेला. मग दुकानातून मेलेले टीव्ही बाहेर यायला लागले, शेजारी हात लावायला आले. शेवटी त्याने ओल्या फडक्याने टेबल पुसलं, वर आला आणि लिहिलं, "हो."

पडद्यावर उमटलं, "मग रविवारी येते. आईला सांग, शेवयांचं सूप कर."

मी मागेच उभी होते, तरी त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग सरळ वर गेला आणि कोसानाचं दार वाजवलं.

"त्या दिवशी बोललो ते," तो म्हणाला, "माफ कर."

कोसानाचा कानांवर विश्वास बसेना. "काय?" ती म्हणाली.

"हो," म्हणाला आणि खाली आला.