राजीनामा, मराठीतला

कुसुमआत्या आज सकाळी गेली.

आता मी बोलायला मोकळा.

"मी जिवंत आहे तोवर तोंड उघडू नको," असं तिनं बजावलं होतं. नंतरचं काम मात्र माझ्या गळ्यात टाकून गेली. म्हणून घरात माणसं बसलेली असताना मी कोपऱ्यात मोबाइल घेऊन टाइप करतोय. कोणाला राग आला तर येऊ दे.

जबलपूरच्या जुन्या लोकांना माझे आजोबा माहीत असतील. वकील होते. मध्यप्रांत होता तेव्हा नागपूरच्या असेंब्लीत एक टर्म मेंबर. तीही पुरी केली नाही.

ते माहीत नसतील, तर त्यांचं दुसरं नाव नक्की ऐकलं असेल.

"बिका हुआ मेंबर."

माझ्या बाबांनी हे शाळेत ऐकलं. मीही ऐकलं. कॉलेजात असताना ओमती भागातल्या एका दुकानदारानं वह्या बांधता बांधता हसत विचारलं, "बिके मेंबर के नाती हो ना?" मी वह्या तिथेच टाकून आलो. त्या दिवशी आजोबांच्या फोटोकडे पाठ करून जेवलो.

खरं सांगतो, मला त्यांची लाज वाटायची.

तीन वर्षांपूर्वी आत्यानं ट्रंकेतून एक छापील यादी काढली. त्या टर्मच्या सगळ्या मेंबरांची नावं, इंग्रजीत. आजोबांच्या नावापुढे फुली, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एकच शब्द. रिझाइन्ड.

"हे तू वाचलं," आत्या म्हणाली. "आता मी काय वाचलं होतं ते ऐक."

तेव्हा शहरात विडी वळणाऱ्यांचा संप चालू होता. कारखानदार चांगल्या विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायचा, त्यांची मजुरी द्यायचा नाही आणि मग त्याच विकायचा. नागपूरला निघताना आजोबा संपवाल्यांना सांगून गेले, हा प्रश्न असेंब्लीत घेतला नाही तर मी मेंबर राहणार नाही. संपाचा पुढारी हल्केभैया. आजोबांच्या शब्दावर त्यानं सगळ्यांना धरून ठेवलं होतं.

प्रश्न घेतला गेला नाही. आजोबांच्याच पक्षानं घेऊ दिला नाही.

आजोबांनी शब्द पाळला आणि घरी पत्र टाकलं. मराठीत. "मी राजीनामा दिला आहे. हल्केला कळवावे. बाकी आल्यावर बोलू."

पत्र आलं तेव्हा संपवाले अंगणातच बसले होते. आजीला वाचता येत नव्हतं. आत्या अकरा वर्षांची.

"बिन्नू, का लिखो है वकीलसाब ने?" हल्केभैयानं तिला विचारलं.

आत्या आजोबांना दादा म्हणायची. तिनं ऐटीत हिंदी केलं. "दादा ने राजीनामा दे दिया है."

"पक्को?"

"हाँ, पक्का. ये देखो, दस्तखत."

मराठी वाचकांना यात काहीच खटकणार नाही. तिलाही खटकलं नाही.

पण आमच्या इकडे, हिंदीत, राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पक्ष राजी झाले, भांडण मिटलं. पद सोडणं म्हणजे इस्तीफा. आत्याला तो शब्दच माहीत नव्हता.

अंगणात सगळे हसले. एका बाईनं आत्याच्या हातावर गूळ ठेवला. वकीलसाहेबांनी मालकाशी समझौता करून दिला, असं समजून दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेले. फाटकाशी कळलं, मालकानं काहीच कबूल केलेलं नाही. संप तर मोडलाच होता. पुढाऱ्यांना आत घेतलं नाही.

"वकील विकला गेला," लोक म्हणाले. आणि तोंडावर थुंकले ते हल्केभैयाच्या, कारण ग्वाही त्यानं दिली होती.

दोन दिवसांनी तो ग्वारीघाटाला सापडला. नर्मदेत.

आजोबा स्टेशनवरून थेट घाटावरच गेले. हल्केभैयाची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "बिक गए, वकीलसाब?"

ते हात जोडून उभे राहिले.

घरी आल्यावर आजीला एवढंच विचारलं, "पत्र कोणं वाचून दाखवलं?" आजीनं आत्याकडे बोट केलं. आजोबांनी तिला आत पाठवलं. मग म्हणाले, "या घोळात पोरीचं नाव बाहेर निघालं नाही पाहिजे."

पुढे मेंबरी सोडल्याचं कळलं तेव्हा लोक म्हणाले, पैसे घेऊन सोडली. पोरीचं नाव मात्र शेवटपर्यंत निघालं नाही.

आत्याला एकोणिसाव्या वर्षी कळलं. आजोबांचे मुन्शीजी ओसरीवर अशिलाला सांगत होते, "दोनों भाइयों में राजीनामा हो गया, अब मुकदमा खतम." आत्या आत भाजी चिरत होती. तशीच उठून आजोबांसमोर गेली.

"दादा, राजीनामा म्हणजे हिंदीत काय?"

आजोबांनी चष्मा काढला. "काहून रडून राहिली तू? जे लिहिलं होतं तेच तू वाचलं. हिंदी माणसांना कळवायचं ते मी मराठीत लिहिलं. चूक माझी आहे."

"मग तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"एक माणूस गेला होता, बाई. ते मी तुझ्या डोक्यावर ठेवू?"

पुढे आत्या हिंदीची टीचर झाली. जन्मभर पोरांकडून दोन्ही भाषांतले असले शब्द घोकून घेतले. पोरं कंटाळायची, आम्ही तिची टिंगल करायचो. मीसुद्धा. त्याची आज मला फार लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आयसीयूत तिनं माझा हात धरला. "हल्केभैयाच्या घरी सांगशील ना रे?" मी खूप शोधलं. ते घर आता तिथे नाही, माणसं कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून पुढचं हिंदीत लिहितो. जबलपूरवाल्यांनो, शेअर करा. कुठेतरी त्यांची नातवंडं असतील.

वकीलसाहब ने इस्तीफ़ा दिया था। समझौता नहीं किया था। चिट्ठी ग्यारह साल की एक बिटिया ने पढ़ी थी। आज वह भी चली गई। हो सके तो दोनों को माफ़ कर देना।

आत्या, सांगितलं गं.

जा आता.